कंपनीचा कागद, आपली वही

कागल पंचतारांकित एमआयडीसीत कुठलाही माल एकटा हिंडत नाही, त्याच्यासोबत कागद हिंडतो. स्टोअरमधून निघताना चलन, मशीनपाशी जॉब कार्ड, तपासणीच्या टेबलावर टॅग, खोक्यावर पत्त्याचं लेबल आणि फाटकातून बाहेर पडताना गेटपास. बहुतेक कारखान्यांत टॅगचे रंगही ठरलेले असतात : पास झाला तर हिरवा, अडवून ठेवला किंवा पुन्हा दुरुस्तीला धाडला तर पिवळा, नापास झाला तर लाल. पाळी संपेपर्यंत माणूस इतक्या ठिकाणी तारीख टाकतो, नग लिहितो, सही करतो, की घरी गेल्यावर पुन्हा पेन हातात धरायचं त्याच्या मनातसुद्धा येत नाही.

या सगळ्या कागदांत त्याचा स्वतःचा असा एकही नसतो. दिवसभरात किती नग निघाले, ते लिहिलेलं असतं. त्या दिवशी हुपरीच्या बाजूनं पावसाची सर कशी चालत आली, डबा खाताना कोण काय बोललं, जाताना घाटग्यांच्या या कागलातून गाडी नेताना मनात काय चाललं होतं, याची नोंद कुणी ठेवत नाही. ती ठेवण्याचा एक सोपा, स्वस्त आणि हाताला आनंद देणारा मार्ग आहे. जगभर त्याला आर्ट जर्नल म्हणतात. आपण चिकटवही म्हणू. थोडं लिहायचं, जमलं तर थोडं रेखाटायचं आणि दिवसाच्या ओघात हाती आलेले कागदाचे तुकडे फाडून, कातरून, जुळवून पानावर लावायचे. इथल्या माणसांना ही वही इतर कुणाहीपेक्षा जास्त जवळची वाटायला हवी, असं माझं ठाम मत आहे. कारण ज्या वस्तूंपासून ती बनते, त्या वस्तूंमध्येच त्यांचा दिवस जातो.

कागदोपत्री या वसाहतीचं नाव कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून ती दोन तालुक्यांत पसरली आहे. किर्लोस्करांची इंजिनं इथं बनतात, रेमंडचं शर्टाचं तलम सुती कापड इथं विणलं जातं, फाउंड्र्यांमधून कास्टिंग बाहेर पडतं. एका अंगाला हुपरीची चांदी, थोडं पुढे इचलकरंजीचे माग. कामाला येणारी माणसं कागल, सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, रेंदाळ अशा गावांतून दुचाकीवर येतात, निपाणीकडूनही येतात. आणि आजूबाजूच्या गावांत खोली करून राहणारी परप्रांतातली मुलंही आता इथलीच झाली आहेत.

आता या वसाहतीकडे फक्त कागदाच्या नजरेनं बघा. खोक्यांचा तपकिरी पुठ्ठा, तीन प्लायचा, पाच प्लायचा. तो ओल्या फडक्यानं टिपून वरचा पापुद्रा अलगद सोलला, की आतल्या नागमोडी रेघा उघड्या पडतात. त्यावर रंगाचा हलका हात फिरवला की नांगरलेलं रान उभं राहतं. सूत संपल्यावर उरणारे कागदी कोन असतात. वेगवेगळ्या सुताची गल्लत होऊ नये म्हणून त्यांच्या टोकांना वेगवेगळे रंग दिलेले असतात. कोन उभा चिरून उलगडला तर पंख्याच्या आकाराचा जाड, कडक तुकडा मिळतो. शर्टांच्या पॅकिंगमधले मापाचे गोल स्टिकर असतात. घासून गुळगुळीत झालेला पॉलिश पेपर असतो, आणि त्याच्या मागच्या बाजूला छापलेला नंबर. हे सगळं शेवटी भंगाराच्या ढिगात जातं.

चिकटवही हे नाव नवं वाटलं तरी ही सवय आपल्याला नवी नाही. आपल्याकडे घरोघरी कात्रणवह्या होत्या. आईच्या वहीत पाककृतींची कात्रणं, रांगोळीचे ठिपके, विणकामाचे नमुने. मुलांच्या वहीत क्रिकेटपटू आणि कुस्तीच्या मैदानाचे फोटो. आजोबांच्या वहीत अग्रलेख. फरक इतकाच, की तिथं बाहेरच्या जगातलं जपून ठेवायचं असे. इथं आपल्या दिवसातलं ठेवायचं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कातरकाम, चिकटकाम, घडीकाम आणि ठसेकाम सगळ्यांनीच केलेलं असतं. दिवाळीत कामट्या बांधून, पतंगी कागद लावून आकाशकंदील केलेला असतो. त्याच्या करंज्या वळताना आणि झिरमिळ्या कातरताना बोटं जे शिकली, ते ती विसरलेली नसतात.

तरीही वही समोर ठेवली की लोक मागे सरतात. सुट्टीच्या दिवशी आम्ही काही जण असे बसतो, तिथं नवीन येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं : “मला न्हाई बा येत चित्र.” हे वाक्य कुठून येतं ते मला माहीत आहे. शाळेत चित्रकला म्हणजे फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवणं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसले ते चित्रकार, उरलेल्यांनी तो विषय तिथंच सोडून दिला. चिकटकामाचा मोठा उपकार हा, की तिथं जसंच्या तसं काढायचंच नसतं. आकार आधीच कागदात असतो, तुम्ही तो फक्त निवडता. आणि निवडणं हे इथल्या प्रत्येकाचं रोजचं काम आहे. खोक्यातून खराब नग डोळ्यांनी वेगळा काढणाऱ्या बाईची नजर कुठल्याही चित्रकाराइतकी तयार असते.

दुसरी अडचण याहून खोल आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्या हातांना कागद फाडायचा नाही अशीच शिकवण आहे. वहीला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करतो, दिवाळीत वह्यांना हळदकुंकू वाहतो. अशा घरात वाढलेल्या माणसाला छापलेलं पान टरकन फाडा म्हटलं, की त्याचा हात अडतोच. मी त्यांना घाई करत नाही. पहिला तुकडा कोऱ्या तपकिरी कागदाचा फाडावा, मग जुन्या वर्तमानपत्राचा. लग्नपत्रिकेतला गणपती कातरायला मन धजत नसेल तर कातरू नये. तो तसाच बाजूला ठेवावा आणि पत्रिकेच्या कडेचा सोनेरी पट्टा घ्यावा. कागदाविषयीचा हा आदर वहीत उतरला तर वही चांगलीच होते. तुकडा उगाच वाया जात नाही, प्रत्येकाला जागा मिळते.

आधुनिक कलेच्या इतिहासात या प्रकाराचा जन्मही कारखान्यातल्या मालातून झाला, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. 1912 सालच्या मे महिन्यात पाब्लो पिकासोनं एका चित्रावर वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड चिकटवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॉर्ज ब्राकनं अव्हिन्यों शहरातल्या एका दुकानात लाकडाच्या रेषांसारखी छपाई केलेला भिंतीचा कागद पाहिला, विकत घेतला आणि कोळशानं काढलेल्या आपल्या चित्रात त्याच्या पट्ट्या चिकटवल्या. ब्राकचे वडील आणि आजोबा घरं रंगवणारे कारागीर होते. तोही तेच काम शिकला होता, खोटं लाकूड आणि खोटा संगमरवर रंगवण्याच्या युक्त्या त्याच्या हातात होत्या. म्हणजे ज्यानं चित्रकलेत कागद चिकटवण्याची वाट पाडली तो मुळात एक कसबी कामगार होता, आणि त्यानं वापरला तो यंत्रावर छापलेला माल.

हेन्री मातिसची गोष्ट तर आपल्या भागाच्या आणखी जवळची. तो लहानाचा मोठा झाला उत्तर फ्रान्समधल्या बोएँ या विणकरांच्या गावात. त्याच्या पूर्वजांतही विणकर होते. आयुष्यभर तो जिथं जाई तिथून कापडाचे तुकडे गोळा करून आणी. 1941 साली, सत्तरी ओलांडल्यावर त्याच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि चित्रफलकासमोर तासन्‌तास उभं राहणं संपलं. तेव्हा त्यानं मोठी कात्री घेतली. मदतनीस कागदांवर रंगाचे सपाट हात मारून ठेवत, आणि तो आधी पेन्सिलची रेघ न काढता थेट कातरत सुटे. कातरलेले तुकडे भिंतीवर टाचणीनं अडकवायचे, लांबून बघायचे, सरकवायचे, पुन्हा बघायचे. समाधान झालं की मगच चिकटवायचे. 1947 साली निघालेला त्याचा ‘जाझ’ हा चित्रग्रंथ अशाच कात्रणांतून झाला. इचलकरंजीच्या किंवा कागलच्या माणसाला कापडाचा कटपीस हातात घेऊन रंग कसा पारखायचा हे शिकवावं लागत नाही. मातिसकडून घ्यायचं ते टाचणीचं तंत्र. आधी मांडा, सरकवा, सोंगट्यांसारखं फिरवा, आणि गोंदाला शेवटी हात लावा.

वयाचं निमित्त सांगणाऱ्यांसाठी एकच उदाहरण पुरे. इंग्लंडमधल्या मेरी डिलेनी या बाईंनी 1772 साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदाच्या बारीक कपट्यांतून फुलं करायला सुरुवात केली. काळ्या कागदावर पाकळी, देठ, शीर एकेक करून चिकटवत दहा वर्षांत त्यांनी 985 फुलं केली. नजरेनं दगा दिला तेव्हा थांबल्या. ती फुलं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्याकडे बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी 1957 च्या सुमारास पूर्ण गेली, त्यानंतर त्यांनी बोटांच्या स्पर्शावर कागद कातरून चित्रं केली. सत्यजित राय यांनी 1972 साली त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट केला.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ.

वही विकत आणू नका. दर जानेवारीत कंपन्या, विमेवाले, पुरवठादार डायऱ्या वाटतात, आणि त्यातल्या निम्म्या डिसेंबरपर्यंत कोऱ्या राहतात. जुन्या सालाची अशी एक डायरी मिळवा. पुठ्ठा पक्का असतो, शिलाई मजबूत असते, आणि भेट मिळालेली असल्यानं ती खराब होईल ही भीती नसते. फक्त एक काळजी आधीच घ्यायची. पानांवर तुकडे चढले की वही फुगते, पोट सुटल्यासारखी उघडीच राहते आणि शेवटी शिलाई तुटते. म्हणून आधीच दर दोन पानांनंतरचं एक पान, शिवणीपाशी बोटभर पट्टी सोडून, कातरून काढायचं. ही पट्टी ठेवली नाही तर शिलाईतलं पलीकडचं पान सुटतं. डायरीचा कागद पातळ असतो, त्यामुळे लागोपाठची दोन पानं एकमेकांना चिकटवून एक जाड पान करून घेतलं तर उत्तमच. हातात पैसे असतील आणि हौस असेल तर हातकागदही मिळतो. पुण्याच्या शिवाजीनगरात 1940 पासून हातकागदाची संस्था आहे. पण पहिली वही त्या कागदाची नको. महागाच्या कागदापुढे नवखा हात आखडतो.

चिकटवायला फेव्हिकॉल चालतो, फक्त ट्यूबमधून थेट ओतायचा नाही. बशीत घेऊन त्यात थोडं पाणी घाला आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं अगदी पातळ ओढा. कागद सुरकुततो तो पाण्यानं. जितका थर पातळ, तितकी सुरकुती कमी. मला स्वतःला मात्र खळ आवडते. एक भाग मैदा, पाच भाग पाणी. आधी थोड्या गार पाण्यात मैदा कालवून गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर हलवत राहायचं. पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली, चमच्यावरून सावकाश ओघळू लागली की उतरवायची आणि फडक्यातून गाळायची. खळीचा फायदा असा, की ती लगेच धरत नाही. चिकटवल्यावरही तुकडा दोन-चार मिनिटं सरकवता येतो. शिवाय वाळल्यावर कागद मऊ राहतो. ती दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करायची. पुस्तकबांधणीवाले खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विष आहे. लहान मुलं असलेल्या घरात त्याच्या वाटेला जाऊ नये.

पान झालं की त्यावर प्लॅस्टिकचा कागद, वही मिटायची, वर वजन ठेवायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. वजनाला काय, या भागात लोखंडाची कमी नाही.

फाडणं आणि कातरणं ही दोन वेगळी कामं आहेत. कात्रीनं कड धारदार येते, वस्तू ठसठशीत दिसते. हातानं फाडलं की कड मऊ येते, दोन तुकडे एकमेकांत मिसळतात. वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडा, बहुधा सरळ पट्टी निघेल. आडवं फाडा, वेडंवाकडं जाईल. कागद बनताना त्यातले तंतू एका दिशेनं बसतात, ते हाताला असे कळतात. पुठ्ठाही एका दिशेनं सहज वाकतो, दुसऱ्या दिशेनं मोडतो. छापील जाड कागद स्वतःकडे ओढून फाडला की एका तुकड्याला पांढरी किनार येते आणि दुसऱ्याला येत नाही. ही किनार म्हणजे फुकट मिळालेली रेघ. डोंगराच्या माथ्यावर ती ठेवली तर उजेड पडल्यासारखा वाटतो, पाण्याच्या कडेला ठेवली तर फेस.

पतंगी कागदाचा रंग पाण्यानं सुटतो. आकाशकंदिलातून उरलेला गुलाबी तुकडा कोऱ्या पानावर ठेवून ओल्या बोटानं दाबा आणि उचला, पानावर गुलाबी डाग राहील. एरवी ती खोड वाटते, इथं तोच रंगकामाचा डबा.

ज्याला कातरकामाचाही कंटाळा आहे त्यानं पेन्सिलनं सुरुवात करावी. पातळ कागद चेकर्ड प्लेटवर, कास्टिंगवरच्या उठावाच्या अक्षरांवर, मोटारसायकलच्या पायदानावर धरायचा आणि शिसाची बाजू हलक्या हातानं घासत जायचं. नाण्यावर कागद ठेवून राजमुद्रा उमटवण्याचा खेळ आपण लहानपणी खेळलोच आहोत. 1925 साली माक्स अर्न्स्ट या चित्रकारानं खोलीतल्या झिजलेल्या फळ्यांवर कागद ठेवून असंच घासलं आणि त्यातून जंगलं, पक्षी, समुद्र शोधून काढले.

आमच्यात बसणाऱ्या एका मुलीचं पान इथं जवळून दाखवतो. ती शर्ट शिवणाऱ्या एका युनिटमध्ये पॅकिंगला आहे. खोक्याच्या कागदाचा एक मोठा तुकडा तिनं फाडून डाव्या पानभर लावला, कड अशी ठेवली की तो दरवाजासारखा दिसावा. मग साहेबांना विचारून आणलेले, रद्द झालेल्या पट्टीवरचे मापाचे गोल स्टिकर काढले. 44 वडिलांचं, ते सगळ्यात वर. 42 चुलत्यांचं. 38 भावाचं, ते जरा तिरपं, कारण तो घरात कधी सरळ बसत नाही. उजव्या पानावर बराच वेळ काहीच नव्हतं. मग तिनं त्या रिकाम्या पानाच्या मधोमध, स्टिकरच्याच आकाराचा एक गोल पेन्सिलनं काढला, आत आकडा न घालता. खाली लिहिलं, “आमच्यात फक्त जेन्ट्स शर्ट. माझ्या मापाचं स्टिकरच न्हाई.” तारीख टाकली आणि वही मिटली. या पानात रेखाटन म्हणाल तर एक गोल. पण तिचं घर त्यात आहे, तिचं काम आहे, आणि तिला काय म्हणायचं आहे तेही आहे.

रिकाम्या जागेची गोष्ट निघाली की प्रभाकर बरवे यांचं नाव घ्यावंच लागतं. 1936 साली जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले हे आपले थोर चित्रकार. साठच्या दशकात ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले, आधी वाराणसीला आणि मग मुंबईत. नोकरी कापडाच्या नमुन्यांची होती. चित्रांसाठी त्यांनी पुढे निवडला तो एनॅमल, दारं-खिडक्या आणि पत्र्याला लावतात तो रंग. आणि वर्षानुवर्षं ते डायऱ्या लिहीत राहिले. त्यांत रेखाटनं आहेत, वस्तूंची निरीक्षणं आहेत, एखाद्या आकाराशी घातलेली हुज्जत आहे. 1990 साली आलेल्या त्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ या मराठी पुस्तकामागे हीच सवय उभी आहे. 1995 साली ते गेले. 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा चित्रांबरोबर डायऱ्यांची पानंही लोकांना बघायला मिळाली. बरव्यांच्या चित्रात पान, घड्याळ, शंख अशा साध्या वस्तू असतात आणि त्यांच्याभोवती भरपूर मोकळी जागा असते. त्या वस्तूंना श्वास घ्यायला अवकाश मिळतो. नवशिक्याची वही नेमकी उलटी होते. हाती लागलं ते सगळं चिकटवून पान गच्च भरतं, आठवडी बाजारच्या एसटीसारखं. म्हणून मी सांगतो, पानावर एक मोठा तुकडा, एक मधला, दोन-तीन बारके, आणि निम्मं पान कोरं. सुरुवातीला हे जड जातं. मांडून झाल्यावर एक तुकडा उचलून बघावा. पान बिघडलं नाही, तर तो तिथं नकोच होता.

आता काय घेऊ नये हेही स्पष्ट सांगायला हवं, कारण हे कारखाने आहेत आणि माणसांच्या नोकऱ्या आहेत. कंपनीचं ड्रॉइंग, ग्राहकाचं नाव असलेलं लेबल, भरलेलं जॉब कार्ड, नंबर टाकलेला टॅग, यांतलं काहीही फाटकाबाहेर आणायचं नाही. ती कंपनीची नोंद आहे. टाकाऊ वाटलं तरी विचारल्याशिवाय खिशात घालायचं नाही. एका फाउंड्रीत काम करणाऱ्या मुलाला नापास झालेल्या कास्टिंगवर पान करायचं होतं. वायू अडकून आत भोकं पडली होती आणि अख्खी बॅच गेली होती. त्याला लाल टॅग हवा होता. दुसऱ्या दिवशी तो लग्नपत्रिकेचं लाल पाकीट घेऊन आला, टॅगच्याच मापाचा तुकडा कातरला, वर टाचणीनं भोक पाडलं. “तांबडा हवा हुता, तांबडा मिळाला. पत्रिकेतला आहे, कंपनीचा न्हाई,” म्हणाला. त्याच्या त्या पानावर काळ्या कागदाला अगरबत्तीनं पाडलेली भोकं आहेत आणि खाली बॅच का गेली याचं त्याचं स्वतःचं कारण, चार ओळींत.

गंज धरू नये म्हणून सुट्या भागांना गुंडाळतात तो कागद दिसायला छान असतो, पण त्यात रसायन असतं. तो वहीत नको. तेलकट कागदावर गोंद धरत नाही आणि तेल शेजारच्या पानांत उतरतं. एसटीचं मशीनमधून निघणारं तिकीट, पेट्रोल पंपाची पावती, एटीएमची चिठ्ठी ही सगळी उष्णतेनं छापलेली असतात. काही महिन्यांत अक्षरं उडून जातात, उन्हात ठेवली तर काळवंडतात. जपायचं असेल तर झेरॉक्स काढून ती लावा. वर्तमानपत्र पिवळं पडणार हे गृहीत धरा. त्या कागदातला लाकडाचा अंश उजेडानं आणि हवेनं काळवंडतो. मला तो पिवळेपणा खटकत नाही, पण ज्याला खटकतो त्यानं बातमीचं कात्रण न लावता तिचा मथळा स्वतःच्या अक्षरात उतरवून घ्यावा.

भंडाऱ्याचंही तसंच. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा दिवाळीच्या आगेमागे भरते, वसाहतीतली निम्मी माणसं तिथं असतात. भंडारा उधळला जातो तेव्हा आभाळ पिवळं होतं, कपडे पिवळे, मोबाइल पिवळे. त्या रात्री खिशातून सांडलेली चिमूट खळीत कालवून पानावर ओढली तर असा पिवळा मिळतो की दुकानातली कुठलीच ट्यूब तो देणार नाही. पण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. हे पान मिटूनच ठेवायचं, दाखवण्यासाठी भिंतीवर लावायचं नाही.

लिहायचं किती? तारीख, ठिकाण आणि दोन-तीन ओळी. तारीख टाकायला लोक कंटाळतात, तिथं मी हट्ट धरतो. कामावर रोज टाकता, इथं का नको? आनंद यादव याच कागलचे. शेतकऱ्याच्या पोराच्या शिक्षणाची झटापट त्यांनी ‘झोंबी’त लिहिली, 1987 साली, आणि 1990 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाचं बळ बारक्या, नेमक्या तपशिलात आहे. चिकटवही म्हणजे साहित्य नव्हे, आणि ती तशी व्हावी असा माझा आग्रहही नाही. पण मोटेचा आवाज, शेणाचा वास, मास्तरांचा आवाज हे सगळं ज्या मातीतून कागदावर आलं, त्या मातीत कोनाच्या टोकाचा रंग आणि पाळी बदलताना वाजणारा भोंगा यांचीही नोंद कुणीतरी ठेवायला हवी.

बायकांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न असतो, आणि तो कागदाचा नसतो. दोन खोल्यांच्या घरात स्वतःची वही ठेवायची कुठं? कुणीही उघडतं, वाचतं, मोठ्यानं वाचून दाखवतं. एकीनं पहिल्याच दिवशी विचारलं, “आनि सासूबाईंनी बघितलं तर?” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. चिकटकामात त्यावर उपाय आहेत. जुनं पाकीट तीन बाजूंनी चिकटवून पानावर खिसा करता येतो, चिठ्ठी आत आणि वर फुलाचं कात्रण. लिहिलेल्या ओळींवर पतंगी कागदाचा थर लावला तर अक्षर असल्याचं दिसतं, वाचता मात्र येत नाही. किंवा लिहायचं आणि त्यावर कागद चिकटवूनच टाकायचा. कुणाला वाटेल, मग लिहिलं कशाला? तर लिहिणारीला माहीत असतं खाली काय आहे ते. तेवढं पुरतं.

पुरुषांचा प्रश्न वेगळा. त्यांना हे पोरांचं काम वाटतं. अशा एका टर्नरनं पहिल्या दिवशी नुसतं बघितलं. पुढच्या वेळी येताना स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन आला, कारण आमच्या कात्र्यांनी कड सरळ येत नव्हती आणि ते त्याला बघवत नव्हतं. त्याच्या वहीत आजही एकही वाकडी रेघ नाही. मी त्याला मोकळं फाडायला सांगायचं सोडून दिलं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणाऱ्या हातांची वही तशीच असणार.

वसाहतीतल्या कंपन्यांनी यासाठी काही करावं का? माझं म्हणणं, फार नको. स्पर्धा नको, बक्षीस नको, ‘उत्कृष्ट वही’चा फलक तर मुळीच नको. पॅकिंग विभागात एक खोकं ठेवा, त्यावर लिहा ‘नेण्यास हरकत नाही’, आणि ज्यावर नाव-नंबर नाही असे तुकडे त्यात टाका. विचारायचा संकोच संपला की अर्धं काम होतं.

कोल्हापूरचा पावसाळा वहीला मानवत नाही. ओल धरली की पानं एकमेकांना चिकटतात, खळीवर बुरशी येते, कसर लागते. वही लोखंडी कपाटात, भिंतीपासून दूर, उभी न ठेवता आडवी ठेवावी. पानांत वेखंडाचा तुकडा ठेवावा. मऊ झालेल्या जागी पानांमध्ये साधा वर्तमानपत्राचा कागद घालून तो दर आठ दिवसांनी बदलावा. पाऊस सरला की सावलीच्या वाऱ्यावर पानं उघडून ठेवावीत, थेट उन्हात नाही.

आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाला यायच्या आत घरातला ढीग एकदा खाली घ्या. जुन्या दिवाळी अंकांचं गुळगुळीत पान, वीजबिलाच्या पाकिटाची झिरझिरीत खिडकी, साडीच्या खोक्यातला पुठ्ठा, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं ते लांबलचक पातळ माहितीपत्रक, कॅलेंडरचे मोठे आकडे, मिठाईच्या डब्याचा चंदेरी कागद. आकडे आधी कातरून घ्या, ते सगळ्यांना हवे असतात. उरलेलं किलोवर जाऊ द्या.